म्हशीची डोण आणि राणीचे घोडे

आमच्या माहेरच्या अंगणात एक दगडी डोण आहे. तिच्याभोवती लोखंडी कुंपण आहे आणि पाटीवर लिहिलं आहे, की या डोणीत राणीचे घोडे पाणी पीत. कुठली राणी ते लिहिलेलं नाही. त्या डोणीपेक्षा मी वयानं सहा वर्षांनी मोठी आहे. हे मी या थंडीपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ होती तेव्हा माझं तोंड उघडलं नाही, आणि नंतर सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. आता भाताची कामं उरकली आहेत, दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा नातीच्या वहीतल्या उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहीत बसते. माझी शाळा चौथीपर्यंत. वही तांदळाच्या डब्यात ठेवते. उत्रोलीत, माझ्या सासरच्या घरात, त्या डब्यात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

माहेर वेल्ह्याकडच्या एका वाडीत, गडाच्या वाटेवरचं शेवटचं घर. आमच्या पुढं नुसता चढ. दिवस रवीच्या आवाजानं उजाडायचा. आई घुसळखांबाला दोरी लावून ताक घुसळायची, आणि लोणी यायला लागलं की तो आवाज जड व्हायचा. मी अंथरुणातनंच ओळखायची, आज लोणी बरं आलंय. मग भाकऱ्या थापल्याचा आवाज, मग दादांचं खाकरणं, मग गोठ्यातनं मैनेचं हंबरणं. मैना आमची म्हैस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका आणि स्वभावानं आईसारखी, म्हणजे एकदा नाही म्हणाली की नाही. दादा म्हणजे माझे वडील. त्यांचा स्वभाव अगदी उलटा होता.

ऐतवारी एसटीतनं पुण्याची माणसं उतरायची. पाठीवर पिशव्या, पायात बूट. सकाळी हसत वर जायची आणि दुपारी लालबुंद तोंडं घेऊन आमच्या ओट्यावर येऊन पडायची. त्यांना ताक, तांदळाची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा मिळायचा. ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की आईला मनापासून बरं वाटायचं. मी बाहेर यायची नाही. आमच्या माजघरात भाताची कणगी होती, तिच्यामागं उभी राहायची. तिथनं ओटा दिसायचा आणि मी कुणाला दिसायची नाही. परक्या माणसाशी मी उभ्या जन्मात फक्त एकच वाक्य बोलले होते, “ताक पायजे का?” तेही दाराआडून.

दादांच्या लेखी दारात आलेल्या माणसाला रिकामं लावणं म्हणजे पाप. पाणी मागितलं तर ताक द्यायचं, ताक मागितलं तर बस म्हणायचं, आणि कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं. “मला ठावं न्हाई” असं त्यांनी पाहुण्याला कधी म्हटलं नाही. ते त्यांना उपाशी घालवल्यासारखं वाटायचं. त्यातनंच सगळं झालं. एकदा चष्मा घातलेल्या एका बाईंनी ताक पिता पिता अंगणातल्या डोणीकडं बोट दाखवलं.

“काका, हा दगड फार जुना दिसतो.”

“लई जुना.”

“म्हणजे किती?”

दादांनी इकडं तिकडं बघितलं. नजर वर गेली. “गड हाय तवापास्नं.”

“अय्या! मग यात काय असायचं?”

“पानी.”

“कुणासाठी?”

मैना दोन हातांच्या अंतरावर उभी राहून रवंथ करत होती. पण गडाएवढी जुनी वस्तू म्हशीची आहे म्हणायला दादांची जीभ धजेना. “घोड्यास्नी,” ते म्हणाले, आणि घाईनं त्यांचा पेला भरायला आत आले. आईनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी आईकडं बघितलं नाही.

पुढच्या ऐतवारी दुसरी माणसं आली. दादांनी होऊन घोड्यांचं सांगितलं. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, “इतक्या नाजूक घडणीची म्हणजे राणीच्या तबेल्यातली असणार.” त्याच्या पुढच्या ऐतवारी दादांच्या तोंडात राणी आली. मग कुणी म्हणालं, घोडे पांढरे असतील, की पुढच्या खेपेला पांढरे. दादा पाहुण्यांकडून इतिहास घ्यायचे आणि पुढच्या ऐतवारी भाकरीबरोबर पाहुण्यांनाच वाढायचे. पाहुणे माना डोलवायचे. डोलवणारच, त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी डोक्यातला तो होता.

“गेल्या ऐतवारी दोन घोडी व्हती,” आई चुलीपुढनं म्हणायची. “आज सात झाली. येवढ्यांस्नी वैरण कुठनं आणायची?”

“तू पिठलं बघ. खाली लागंल.”

आता खरं काय ते लिहिते. मी सहा वर्षांची असताना उन्हाळ्यात दगड फोडणारी माणसं आली आणि आमच्या माळावर त्यांनी पालं टाकली. त्यांच्यात रुक्मा नावाची एक बाई होती. तिच्या नवऱ्याचा हात दगडाखाली सापडून निकामी झाला होता, म्हणून छिन्नी-हातोडा ती चालवायची आणि नवरा बसून तिच्या छिन्न्यांना धार लावायचा. आईनं तिला डोण सांगितली. तांदूळ ठरला, आणि रोजचं ताक. जांभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात तिची तान्ही मुलगी निजवलेली असायची. रुक्मा दगडावर दहा घाव घालायची, पायाच्या अंगठ्यानं झोळीची दोरी ओढायची, परत दहा घाव. टिच टिच टिच, आणि मग झोळीची करकर. तो आवाज मला अजून येतो. ताक घेऊन जायचं काम माझं होतं. तिची मला भीती वाटायची नाही, कारण ती बोलायची कमी. एक दिवस ती कडा घडवत होती, माझी चाहूल तिला लागली नाही, आणि मी हाक मारायच्या ऐवजी मागनं तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली. छिन्नी घसरली आणि डोणीच्या कडेचा बोटभर टवका उडाला. मी रडायलाच लागले. तिनं आधी ताक पिऊन घेतलं, तोंड पुसलं, त्या खाचेवरनं हात फिरवला आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं. तुजी खूण ऱ्हायली ह्यावर.”

डोण माळावरनं अंगणात आणली तेव्हा सहा गडी लागले होते. त्यात आमचे भाऊतात्या होते. वाडीतली कुठलीही पूजा असो, पहिला नारळ फोडायचा मान त्यांच्या घराण्याचा. डोण ठेवताना ती त्यांच्या उजव्या पायावर टेकली आणि अंगठ्याचं नख गेलं ते गेलंच. पण दादांचा इतिहास वर्षभर चालल्यावर मी काय बघावं? भाऊतात्या ओट्यावर बसून पाहुण्यांना सांगत होते, “माज्या पंज्यानं सांगितल्यालं हाय मला, त्येच्या पंज्यानं सोता घोडी बगितल्याली.” आणि सांगताना बिननखाचा अंगठा त्याच डोणीला टेकवून बसले होते. खोटं बोलतायत असं त्यांच्या तोंडावर अजिबात दिसत नव्हतं. माझी खात्री आहे, तोवर त्यांना ते सगळं आठवायला लागलं होतं.

मग टोपीवाले सर आले. पुण्याचे, गडांचा अभ्यास करणारे, माणूस अतिशय सज्जन. टेप लावून त्यांनी डोण मापली, बोटाच्या पेरानं वाजवून बघितली, वाकून वास घेतला. मग त्यांचं बोट त्या खाचेत गेलं आणि तिथंच थांबलं. “हा वार आहे,” ते हळूच म्हणाले. “तलवारीचा.” आणि बरोबरच्या माणसांना कळावं म्हणून त्यांनी छत्री उपसली, दोन पावलं मागं जाऊन डोणीवर धावले आणि खालून वर असा घाव घातला. मैना घाबरून मागं सरली. कणगीमागं मी तोंडावर दोन्ही हात दाबून उभी होते. हसू आलं म्हणून नाही. मला वाटलं, आता हे विचारणार, वार कुणी केला.

सरांनी ठरवलं, एवढी मोठी ठेव उघड्यावर राहता कामा नये. त्यांच्या मंडळींनी खर्चून कुंपण आणलं, दार केलं, दाराला कुलूप लावलं. ऐतवारी पाटीचं उद्घाटन ठरलं. किल्ली मानानं भाऊतात्यांकडं गेली. जाताना सर दादांना म्हणाले, “आणि आता इथं म्हशीला पाणी पाजू नका बरं का. हा वारसा आहे.” दादा म्हणाले, “छ्या छ्या, न्हाई पाजत.” पाहुण्याला नाही म्हणायचं नव्हतं ना.

हे झालं गुरुवारी. वैशाख चालू होता आणि ओढा आटला होता. मैना गाभण होती, दिवस भरत आले होते. आणि एक गोष्ट सरांना ठाऊक नव्हती. मैना लहान असताना बादलीची कडी तिच्या शिंगात अडकली होती आणि ती डोक्यावर बादली वाजवत सगळ्या वाडीतनं पळाली होती. तेव्हापासनं तिनं पत्र्याच्या भांड्याला तोंड लावलं नाही. दादांनी बादली ठेवली, घमेलं ठेवलं. भाऊतात्यांच्या घरचं पितळी घंगाळ आणलं. ते ठेवताना खणकन वाजलं आणि ती दावं तोडायला लागली. आईनं अंगणात खड्डा खणून पाणी ओतलं, तर वैशाखातली जमीन तिच्या आधी पिऊन मोकळी. शुक्रवारी मैनेनं वैरण सोडली. शनिवारी तिचे डोळे आत गेले, नाक कोरडं पडलं. ती कुंपणाकडं तोंड करून उभी राहायची आणि अधनंमधनं बारीक आवाजात हंबरायची. आईनं तिच्या पोटाला हात लावला, बराच वेळ तसाच ठेवला.

“हालत न्हाई धड आतलं,” ती म्हणाली. मग दादांकडं वळून, “तुमची घोडी पानी पित्यात, आन माजी म्हस मरतिया.”

दादा किल्ली मागायला गेले. मीही मागं गेले होते. भाऊतात्या म्हणाले, “सायेब येईस्तवर कुलूप उगडायचं न्हाई. राणीची वस्तू हाय.”

“अवो तात्या, तुमीच उचलून आनलीया नव्हं ती!”

“कवा?”

“तुमचं नख गेलं ते!”

भाऊतात्यांनी अंगठ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. “ते बाभळीच्या काट्यानं गेलं,” ते म्हणाले.

त्या दिवशी मी ठरवलं, सरांना सांगायचं. दोन वाक्यं होती. सायेब, ही डोण आमच्या म्हशीची हाय. तिला लई तान लागलिया. मी ती मैनेला म्हणून दाखवली, गोठ्याच्या कुडाला म्हणून दाखवली, ताक घुसळताना रवीबरोबर म्हटली. दर खेपेला येत होती.

ऐतवारी अंगणात माणूस मावेना. डोण घासून भरली होती, पाण्यावर झेंडूची फुलं सोडली होती. सरांना ओवाळायला कुणी तरी लहान मुलगी हवी, म्हणून माझ्या हातात ताट दिलं. मला वाटलं, देवानंच जवळ नेलं. मी सरांपुढं उभी राहिले. त्यांनी वाकून प्रेमानं विचारलं, “काय नाव बाळ तुझं?” मला माझं नाव आठवेना. दोन वाक्यं तर कुठच्या कुठं गेली. सगळी वाडी बघत होती. भाऊतात्या म्हणाले, “मुकी न्हाई ती, लाजरी हाय.” लोक हसले. मी कुंकू लावलं ते सरांच्या कपाळाऐवजी नाकाला लागलं, आणि ते तसंच नाकावर घेऊन ते भाषणाला उभे राहिले.

भाषण सुंदर होतं. सर म्हणाले, “कल्पना करा. दूरवरून दौड करून आलेली ती मुकी जनावरं. घशाला कोरड. बोलता येत नाही, मागता येत नाही. त्यांची तहान कुणाला कळली? राणीला कळली!” मागनं गोठ्यातनं मैना हंबरली. सरांचा आवाज भरून आला. पहिल्या रांगेतल्या दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला. परत मैना हंबरली, तर मागचं कुणी तरी ओरडलं, “ए, त्या म्हशीला गप करा, भाषन ऐकू येऊ द्या!”

मी ताट पायरीवर ठेवलं आणि गोठ्यात गेले. दाव्याची गाठ सोडली. बास, एवढंच केलं.

फीत बांधली होती, कुंपणाचं दार उघडं होतं, भाऊतात्या नारळ हातात घेऊन वाकले होते. मैना माणसांतनं अशी गेली, जशी काही सगळी तिच्यासाठीच दोन्हीकडं उभी होती. फीत शिंगावर घेऊन ती आत शिरली आणि डोणीत तोंड घातलं. प्यायली. डोळे मिटून, श्वास न घेता प्यायली. आवाज सगळ्या अंगणाला ऐकू येत होता. मधेच थांबून तिनं चार झेंडू खाल्ले आणि परत प्यायली. कुणी हललं नाही. दादा खाली बसले. सरांच्या नाकावरचं कुंकू घामानं ओघळायला लागलं.

तेवढ्यात भाऊतात्यांनी नारळाचा हात वर केला. “थांबा! कुनी हाकलू नगा. मान हाय तिचा!”

त्यांचं दुःख मला नंतर कळलं. नारळ फुटायच्या आधी म्हैस प्यायली, म्हणजे घराण्याचा पहिला मान सगळ्यांदेखत गेला. तो वाचवायचा तर म्हशीचा मान त्यांच्याही वरचा आणि जुना ठरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“कसला मान?” सरांनी वही काढली.

“आदी गावची म्हस पिनार,” भाऊतात्या एक एक शब्द चाचपत म्हणाले, “आन मग... मग राणीची घोडी.”

“का बरं?”

आता सगळी वाडी भाऊतात्यांकडं बघत होती. आमच्या वाडीत पाहुण्याला ठाऊक नाही म्हणायची पद्धतच नव्हती. “इखाची भीती,” ते म्हणाले. “दुश्मनानं पान्यात इख कालवलं आसंल तर म्हस मरंल, घोडी वाचतील.”

“अरे वा!” सर म्हणाले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. टाळ्या पडल्या. मैनेच्या गळ्यात सरांचा हार घातला गेला, आणि तिनं तोही खाल्ला.

मान एकदाच देऊन चालत नाही. दुसऱ्या दिवशीपासनं भाऊतात्या धुतलेलं धोतर नेसून, किल्ली घेऊन दिवसातनं तीन वेळा यायचे, कुलूप उघडायचे, मैनेचं पिऊन होईतो हात जोडून उभे राहायचे. पंधरा दिवसांत त्यांचे गुडघे धरले. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. “तूच बग बाई तुज्या राणीचं,” म्हणाले. कुठली राणी ते त्यांनी सांगितलं नाही. मृगाच्या आधी मैना व्याली. रेडी झाली, कपाळावर तसाच ठिपका. आईनं खरवस केला आणि पहिली वाटी माझ्यापुढं ठेवली. दादांनी त्या ऐतवारी पाहुण्यांना सांगितलं की ही रेडी त्याच मानाच्या घराण्यातली, तेव्हा मात्र आई चुलीपुढं इतकी हसली की पिठलं खरंच खाली लागलं.

ती वाक्यं मी कधीच बोलले नाही. लग्न होऊन उत्रोलीला आले, तरी उद्घाटनाच्या तिथीला माहेरी दर वर्षी म्हैस सजवतात आणि ती आधी पाणी पिते. आता लोक मोबाईल उंच धरून उभे असतात. पाटी तीनदा नवी झाली, आणि दर खेपेला तिच्यावर ओळी वाढल्या. माझी भाची अश्विनी पाहुण्यांना गड दाखवायचं काम करते. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, बोलणं खणखणीत. ती माझ्यावर अजिबात गेलेली नाही. या थंडीत भोरला एसटी पकडून माहेरी गेले होते, तेव्हा ती वीस-पंचवीस माणसांपुढं खाचेत बोट घालून तलवारीचा वार सांगत होती. मला काय झालं ठाऊक नाही, माणसं पांगल्यावर मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, “अगं, रुक्मा नावाच्या बाईनं घडवली ही. तिची लेक झोळीत होती. मी ताक द्यायची तिला.” एवढं सलग मी पन्नास वर्षांत बोलले नव्हते.

“खरं, आत्या?” तिनं मला मिठीच मारली. “तू आजवर सांगितलं का न्हाईस?”

आठ दिवसांनी तिचा फोन आला. “आत्या, लोकांना लई आवडलं! इतकी वर्षं राणीला नावच नव्हतं. आता रुक्माराणी म्हणून सांगते. लेकराला झोळीत बांधून घोड्यावरनं लढायची, असं.” तिनं विचारलं, “आत्या, हायस ना?” मी म्हटलं, “हाय.” मग फोन ठेवून पायरीवर बसले आणि आई हसली होती तशी हसले. पालात राहणारी, आधी ताक पिऊन मग बोलणारी रुक्मा घोड्यावर बसली.

हसू ओसरल्यावर मात्र ती झोळी डोळ्यांपुढं आली. ती मुलगी आता साठीला टेकली असेल. कुठं असेल कोण जाणे. तिची नातवंडं पुण्यात असतील, कधी ऐतवारी आजीला गड दाखवायला आणतील. तिला चढ झेपणार नाही, ती आमच्या ओट्यावर टेकेल, ताक पिईल आणि अश्विनी तिला रुक्माराणीची गोष्ट सांगेल. ती हात जोडेल, खाचेवरनं बोट फिरवेल. तिला कोण सांगणार? म्हणून हे लिहिलं. बाई, तो वार नव्हे. तुझ्या आईचा हातही चुकला नव्हता. मी मागनं तिच्या खांद्याला हात लावला.